विंडोज ११ घेतल्यावर पुन्हा विंडोज १० वर जाता येईल का?

अक्षरजुळारी
आमच्याकडे लग्नपत्रिका, स्मरणिका आणि एका त्रैमासिकाची अक्षरजुळणी होते. त्यासाठी २०१८ च्या अखेरीस घेतलेल्या संगणकावर इतकी वर्षे विंडोज १० होते. १४ ऑक्टोबर २०२५ नंतर त्याला सुरक्षेची अद्यतने मिळणे थांबल्यामुळे सहा दिवसांपूर्वी एका तंत्रज्ञाकडून विंडोज ११ टाकून घेतले आणि त्याच वेळी रॅमही ४ जीबीवरून ८ जीबी केली. तेव्हापासून अक्षरजुळणीचा जुना प्रोग्राम उघडत नाही. तो या संगणकावर चालू शकत नाही, अशा अर्थाचा संदेश येतो. जुना स्कॅनरही ओळखला जात नाही. सेटिंग्जमधील रिकव्हरीच्या पानावर पूर्वीच्या विंडोजवर परतण्याचे ‘गो बॅक’ हे बटण दाबता येत नाही, मात्र सी ड्राइव्हवर ‘विंडोज.ओल्ड’ हा जुन्या विंडोजच्या फाइलींचा फोल्डर दिसतो आहे. त्यातून पूर्वीची प्रणाली परत आणता येईल का? त्रैमासिकाचे जुने अंक त्याच प्रोग्रामच्या फाइलींत असल्यामुळे काळजी वाटते.

पायथ्याशी
परत जाण्याची मुदत दहा दिवसांची असते आणि आपण तिच्या आत आहात. नको असलेल्या फाइली पुसणारा डिस्क क्लीनअप चालवू नये, कारण त्यात ‘विंडोज.ओल्ड’ पुसला जाऊ शकतो. विंडोज ११ वर नवीन वापरकर्ता खाते उघडले असेल तर ते आधी काढून पाहावे. बटण चालू झालेच, तर अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट (आज्ञा टाइप करण्याची खिडकी) उघडून डिझम या विंडोजच्या देखभालीच्या आज्ञेने ही मुदत ६० दिवसांपर्यंत वाढवता येते. अर्थात हे मूळ मुदत संपण्यापूर्वीच करावे लागते.

जुना खोका
वरील सल्ला एरवी योग्य आहे, परंतु येथे तो लागू पडेल असे वाटत नाही. प्रोग्राम आणि स्कॅनर दोन्ही एकाच दिवशी बंद पडले, यावरून पूर्वीचे विंडोज १० हे ३२-बिटचे (प्रणाली एका वेळी किती माहिती हाताळते त्यावरून ठरणारा जुना प्रकार; नवा तो ६४-बिट) असावे अशी शंका येते. विंडोज ११ केवळ ६४-बिटमध्येच मिळते आणि ३२-बिट प्रणालीवरून त्यावर थेट अपग्रेड करताच येत नाही. म्हणजे तंत्रज्ञाने अपग्रेड केलेच नसून नव्याने इन्स्टॉल केले असणार. डिस्क न पुसता असे केले तरी ‘विंडोज.ओल्ड’ तयार होतो. त्यातून आपल्या फाइली काढून घेता येतात, पण ‘गो बॅक’ चालत नाही.

प्रोग्राम न चालण्याचे कारणही बहुधा हेच आहे. विंडोज ९५ च्या आसपासचे अनेक प्रोग्राम १६-बिटचे होते. ते ३२-बिट विंडोज १० वर चालू शकत, ६४-बिटवर मुळीच चालत नाहीत. येथे ‘कम्पॅटिबिलिटी मोड’चाही (प्रोग्रामला जुन्या विंडोजचा भास देणाऱ्या सोयीचाही) उपयोग होत नाही. स्कॅनर चालवणारा ३२-बिट प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हरही ६४-बिट प्रणालीत बसत नाही.

पुन्हा ३२-बिट विंडोज १० टाकणे अशक्य नाही, पण ते वाटते तितके सरळही नाही. विंडोज ११ साठी तंत्रज्ञाने डिस्क जीपीटी या नव्या विभागणी पद्धतीची केली असणार आणि बायॉसमध्ये (संगणक सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामच्या सेटिंग्जमध्ये) यूईएफआय ही नवी बूट पद्धत चालू केली असणार. ३२-बिट विंडोज मात्र नेहमीच्या ६४-बिट यूईएफआयमधून सुरू होत नाही. त्यामुळे मदरबोर्डात जुन्या बूट पद्धतीची, म्हणजे सीएसएमची, सोय असल्यास ती चालू करून डिस्क एमबीआर या जुन्या विभागणी पद्धतीची करावी लागेल, आणि विंडोजच्या इन्स्टॉलरमधून ते करताना डिस्कवरचे सारे पुसले जाते. शिवाय ३२-बिट विंडोज १० ला ४ जीबीच्या वर रॅम वापरता येत नाही, म्हणजे आपण नुकतीच वाढवलेली रॅम पडून राहणार. हे सगळे एका प्रोग्रामसाठी करावे असे मला वाटत नाही.

त्यापेक्षा विंडोज ११ तसेच ठेवून त्यात व्हर्च्युअलबॉक्स (संगणकाच्या आत दुसरा आभासी संगणक चालवणारा प्रोग्राम) घालावा आणि त्याच्या आत ३२-बिट विंडोज १० चालवावे. त्यासाठी बायॉसमध्ये व्हर्च्युअलायझेशन ही प्रोसेसरची सोय चालू असणे आवश्यक आहे. आतल्या विंडोजला स्वतंत्र परवाना लागतो, आणि त्याला इंटरनेट न जोडलेलेच बरे. काहीही करण्यापूर्वी ‘विंडोज.ओल्ड’मधील फाइली आणि फॉन्ट बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्यावेत. जुने मराठी फॉन्ट युनिकोड या सर्वमान्य अक्षरसंकेताचे नसतात. फॉन्ट हरवला तर मजकूर डोळ्यांसमोर असूनही वाचता येत नाही.

पायथ्याशी
३२-बिटची शक्यता माझ्या लक्षात आली नव्हती. आपले म्हणणे पटले. एक भर घालतो: कोणाला विंडोज १० च ठेवायचे असेल, तर घरगुती वापरासाठी सुरक्षा अद्यतनांची वाढीव सोय १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत ठेवली आहे. त्यासाठी विंडोज १० ची २२एच२ ही आवृत्ती असावी लागते.

अक्षरजुळारी
संगणक खरेदीच्या वेळी दुकानदाराने दिलेल्या कागदावर ‘३२-बिट’ असे स्पष्ट लिहिलेले सापडले. सात वर्षांत तो कागद मी उलटूनही पाहिला नव्हता. फाइली आणि फॉन्ट आधी उतरवून घेतले, मग व्हर्च्युअलबॉक्समध्ये ३ जीबी रॅम देऊन विंडोज १० घातले. प्रोग्राम पहिल्याच प्रयत्नात उघडला आणि २००९ चा एक अंक जोडाक्षरांसकट जसाच्या तसा दिसला. स्कॅनरची यूएसबी जोडणी आतल्या विंडोजकडे वळवल्यावर तोही चालू झाला, पण प्रत्येक वेळी तो आधी चालू करून मगच आतले विंडोज सुरू करावे लागते. आता जुने अंक एकेक करून पीडीएफमध्ये काढायला घेतले आहेत.