जिबचा (पुढच्या शिडाचा) हॅलयार्ड, म्हणजे शीड वर चढवून ताणायचा दोर: एकदा लावून सोडून द्यायचा की रेसमध्ये हलवत राहायचा?

कोथरूडकर: पुण्याहून मुंबईला कीलबोट (तळाला जड कील असलेली शिडाची बोट) रेसिंगला जाणारे इथे बरेच आहात म्हणून विचारतोय. आमचा स्किपर म्हणतो हॅलयार्डवर मार्करने एक खूण करा, तिथपर्यंत ताणा आणि रेस संपेपर्यंत हात लावू नका. मला अजिबात पटत नाही. सहा नॉट वाऱ्याला जो ताण बरोबर तोच चौदाला कसा चालेल? वारा वाढला की शिडाचं पोट (सगळ्यात फुगलेला भाग) मागे सरकतं, लीच (मागची कड) बंद होते, बोट नुसती कलते आणि पुढे जात नाही. हॅलयार्ड दोन बोटांएवढा ताणला की पोट परत पुढे येतं, मग का नाही करायचं?

सिंहगड रोडवाला: स्किपरचं बरोबर आहे. ताणणार कोण? चौघांतला एक जण रेलवरून (बोटीच्या कडेवरून) उठून मास्टपाशी (डोलकाठीपाशी) गेला की बोट लगेच कलणार, त्यात भरलेल्या जिबचा हॅलयार्ड असा सहज ओढला जात नाही, आधी शीट (शिडाचा मागचा कोपरा ओढून धरणारा दोर) सोडावी लागते, तोवर शेजारची बोट निघून जाते. त्यापेक्षा बॅकस्टे (मास्टला मागे ओढणारी तार) ओढा ना, फोरस्टेचा (जिब लागते त्या पुढच्या तारेचा) झोळ कमी होतो, जिब सपाट होते, जागचं हलायला नको.

कोथरूडकर: बॅकस्टेने पोटाची खोली कमी होईल हो, पण पोट पुढे हवं की मागे हे हॅलयार्डच ठरवतो. दोन वेगळी कामं आहेत ही.

पाषाणची: सगळे वाऱ्याचंच बोलताय, लाटांचं कुणीच नाही. खडकवासल्याचं पाणी सपाट, तिथे डिंगीवर (छोट्या बोटीवर) हलक्या वाऱ्यात लफला (शिडाच्या पुढच्या कडेला) बारीक आडव्या सुरकुत्या दिसेपर्यंत सैल ठेवलं तरी छान चालतं, पुढची कड धारदार राहते आणि बोट वाऱ्याच्या दिशेने वर चढते. तीच सवय घेऊन गेटवेसमोर गेलात, लाँचच्या लाटांत बोट सारखी आपटतीये, तर टेलटेल (शिडावरचे हवेचा प्रवाह दाखवणारे धागे) स्थिर राहतच नाहीत. तिथे थोडं ताणायचं, कड गोल होते, सुकाणूवरच्याला जरा इकडेतिकडे व्हायला जागा मिळते, पॉइंटिंग (वाऱ्याच्या जितकं जवळून जाता येतं ते) थोडं जातं पण वेग टिकतो. एका खुणेत हे कसं बसणार?

सिंहगड रोडवाला: बरं, तीन खुणा करा, हलका मध्यम जोराचा, पण कुठली ते स्टार्टच्या आधी ठरवा. आणि हॅलयार्ड साध्या पॉलिएस्टरचा असेल तर तो गस्टमध्ये (वाऱ्याच्या झोतात) स्वतःच लांबतो, खुणेला काही अर्थ राहत नाही, आधी डायनीमाचा (जवळजवळ न लांबणाऱ्या धाग्याचा) घ्या मग वाद घाला.

पाषाणची: डायनीमाचं शंभर टक्के. आणि बदलायचंच तर रनवर (वारा मागून असताना) बदला, जिबवर लोड नसतो, लीवर्ड मार्क (रनच्या शेवटचा बोया) यायच्या आत पुढच्या बीटचा (वाऱ्याच्या दिशेने चढायच्या टप्प्याचा) ताण लावून मोकळे.

कोथरूडकर: आणि बीटच्या मध्येच वारा वाढला तर? टॅक करताना (बोटीचं नाक वाऱ्यातून फिरवून बाजू बदलताना) शीट सुटतेच, त्या दोन सेकंदांत ओढता येतं.

सिंहगड रोडवाला: टॅकमध्ये चौघांचे हात आधीच गुंतलेले असतात. त्यातला कुठला मोकळा आहे ते सांगा.