जुना बंगला, शेजारी नवी इमारत आणि मोरीतून उलटं येणारं पाणी – मदत हवी आहे

नमस्कार. पुण्यात सहकारनगरच्या बाजूला, तळजाईच्या उताराला आमचा छोटा बंगला आहे. सासऱ्यांनी १९७४ साली बांधला. तळमजल्यावर तीन खोल्या, मागे जोत्यापेक्षा एक पायरी खाली मोरी आणि संडास, वर नंतर चढवलेल्या दोन खोल्या. घरात मी, यजमान आणि ८६ वर्षांच्या सासूबाई. त्यांना जिना चढवत नाही. हे आधीच सांगते, कारण "पावसाळाभर वरच्या मजल्यावर राहा" असं आम्हाला दोघांनी सुचवून झालं आहे.

गेल्या जूनपासून पावसाची मोठी सर आली की मोरीच्या जाळीतून पाणी उलटं वर येतं. काळं, घाण वासाचं. आधी बुडबुडे, मग संडासाच्या भांड्यातलं पाणी वरखाली व्हायला लागतं, आणि दहा मिनिटांत मोरीत घोटाभर पाणी. पाऊस थांबला की अर्ध्या-पाऊण तासात आपोआप उतरतं. ऑगस्टमध्ये एका रात्री ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला लागलं. सासूबाईंचा पलंग आम्ही विटांवर चढवला आणि पहाटेपर्यंत फिनेल टाकून फरशी पुसत होतो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला, अरण्येश्वर, टांगेवाले कॉलनी भागात किती घरांत पाणी शिरलं, ते पुणेकरांना आठवत असेल. आम्ही ओढ्यापासून बरेच वर आहोत. त्या रात्रीही आमच्या मोरीत उलटं पाणी आलं नव्हतं.

मधल्या काळात बदललं ते असं. शेजारचे दोन बंगले पडून तिथे दोन तळघरांची इमारत उभी राहते आहे. खोदाई चालू असताना चार महिने रात्रंदिवस पंप लावून पाणी उपसत होते आणि पंपाचा पाईप गल्लीतल्या चेंबरमध्येच सोडलेला मी डोळ्यांनी पाहिला. त्याच सुमारास गल्लीचा रस्ता काँक्रीटचा झाला. पूर्वी फाटकातून रस्त्यावर उतरायला दोन पायऱ्या होत्या, आता रस्ता फाटकाच्या पातळीला आला आहे. शिवाय कुंपणाच्या भिंतीला तिरकी भेग गेली आहे आणि भिंत व घर यांच्यामधल्या बोळातल्या शहाबादी फरश्या खचल्या आहेत.

आमची ड्रेनेज लाईन त्याच बोळातून जाते. संडासाचा चार इंची बिडाचा पाईप, पुढे सहा इंची स्टोनवेअर (भाजलेल्या मातीचा पाईप), विटांचे तीन चेंबर, आणि मग गल्लीतली मुख्य लाईन. लाईन येण्याआधीची मैलाटाकी अंगणात तशीच झाकून ठेवलेली आहे.

तीन प्लंबर येऊन गेले. पहिले म्हणाले, गाळ आहे, जेटिंग करा (म्हणजे जोराच्या पाण्याने पाईप धुवा). ते केलं, पंधरा दिवसांत पुन्हा तेच. दुसरे म्हणाले, सगळी लाईन उखडून पीव्हीसी टाका. तिसरे म्हणाले, एक नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) बसवा की झालं. बांधकामाच्या साइटवरचे म्हणतात, तुमची लाईन पन्नास वर्षांची आहे, आमचा काय संबंध. आणि ओळखीचे म्हणतात, कशाला जीव काढताय, देऊन टाका पुनर्विकासाला. तो निर्णय आम्हाला नाल्याच्या वासाला कंटाळून घ्यायचा नाही.

मला आधी एवढंच नक्की कळायला हवं की दोष आमच्या पाईपात आहे की बाहेर. ते न कळता भांडायला जाणंही बरोबर नाही आणि लाखभर रुपये मातीत घालणंही नाही. हे घरच्या घरी कसं तपासायचं?

प्रतिसाद

ताई, मी निवृत्त स्थापत्य अभियंता, आयुष्य याच कामात गेलं. तुम्ही प्रश्न योग्य क्रमाने विचारलात.

पहिलं काम लेव्हल. गवंड्याकडे पारदर्शक लेव्हल नळी असते. तिने मोरीची जाळी आणि गल्लीतल्या चेंबरचं झाकण यांच्या उंचीतला फरक मोजा. मुख्य लाईन भरून वाहू लागली की पाणी जी तोंडं सर्वांत खाली असतील तिथून बाहेर पडतं. झाकण तुमच्या जाळीपेक्षा खाली असेल तर पाणी रस्त्यावर येईल. वर असेल तर रस्ता कोरडा दिसेल आणि तुमची मोरी भरेल. रस्ता उंच करताना झाकणंही उचलून घेतात, पण घरं काही उचलता येत नाहीत.

दुसरं काम तुमच्या लाईनची गळती तपासणी. कोरडा दिवस बघा. फाटकाजवळच्या शेवटच्या चेंबरमध्ये बाहेर जाणाऱ्या पाईपचं तोंड रबरी प्लगने बंद करा. मागच्या चेंबरमध्ये पाणी भरून खडूने खूण करा, तासभर नळ-संडास वापरू नका, आणि पातळी किती उतरते ते पाहा. मग मधल्या चेंबरला प्लग लावून पुन्हा तेच. कोणता तुकडा गळतो ते कळेल. प्लग वरून, काठीने वा दोरीने बसवण्यासारखा घ्या. चेंबरमध्ये कोणाला उतरवू नका, विषारी वायूने क्षणात माणूस जातो. मैलाटाकीत किंवा गटारात संरक्षक साधनांशिवाय माणसाला सफाईला उतरवणं हा २०१३ च्या कायद्याने गुन्हाही आहे.

बोळ खचण्याबद्दल. मोठ्या खड्ड्यातून सतत पाणी उपसलं की आजूबाजूच्या जमिनीतलं पाणी तिकडे झिरपतं, सोबत बारीक माती जाते, आणि भरावाची जमीन बसते. स्टोनवेअरचे पाईप दोन-अडीच फुटांचे, सांधे सिमेंटचे. खालची जमीन अर्धा इंच बसली तरी सांधा निखळतो. पीव्हीसीसारखा तो वाकत नाही. भेगेवर प्लास्टरच्या दोन ठिपक्यांत काचेची पट्टी चिकटवा आणि शेजारी तारीख लिहा. पट्टी तडकली तर जमीन अजून हलते आहे, आणि मग इतक्यात नवी लाईन टाकून उपयोग नाही.

धागाकर्ती

काका, मनापासून आभार. दोन्ही केलं.

लेव्हल: गल्लीतलं झाकण आमच्या मोरीच्या जाळीपेक्षा पाच इंच वर आहे. जुन्या दोन पायऱ्या मिळून चौदा इंचांच्या होत्या (सासऱ्यांच्या वहीत माप सापडलं), म्हणजे पूर्वी झाकण जाळीपेक्षा नऊ इंच खाली असणार. पन्नास वर्षं आम्ही त्या नऊ इंचांच्या आधारावर सुखात होतो आणि आम्हाला पत्ताही नव्हता.

गळती: मागचा ते मधला चेंबर या तुकड्यात तासाभरात पाणी जेमतेम बोटभर उतरलं. मधला ते फाटकाजवळचा, म्हणजे खोदाईला लागून असलेल्या तुकड्यात, नऊ इंच उतरलं. नंतर पाईपात कॅमेरा घालणाऱ्यांना बोलावलं. दोन सांधे सरकलेले दिसतात, एकात मुळं शिरली आहेत आणि तळाला मुरुमाचा थर आहे. जेटिंगने गाळ जात होता आणि सांध्यातून नवा येत होता.

म्हणजे उलटं पाणी बाहेरचं आहे आणि पाईपही खराब झालेला आहे. काचपट्ट्या तीन लावल्या आहेत.

प्रतिसाद

वहिनी, आमचं डोंबिवलीचं बैठं घर, चारही बाजूंना टॉवर. तुमच्यासारखंच झालं होतं. आम्ही घाईने नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवला आणि पहिल्याच पावसात घरात आधीपेक्षा जास्त पाणी भरलं! कारण कळायला वर्ष गेलं. गच्चीचा पन्हळीचा पाईप जुन्या गवंड्याने ड्रेनेजच्याच चेंबरला जोडलेला होता. व्हॉल्व्ह बंद झाला की बाहेरचं पाणी आत येत नाही, पण आतलंही बाहेर जात नाही. गच्चीवरचं सगळं पाणी मोरीतून वर आलं.

तेव्हा आधी गच्चीचं पाणी कुठे जातं ते बघा. गच्चीवरून बादलीभर पाण्यात रंग कालवून ओता आणि चेंबर उघडून पाहा. आणि व्हॉल्व्ह बसवलात तर वरच्या मजल्याचा संडास व्हॉल्व्हच्या पुढे, रस्त्याच्या बाजूला वेगळा जोडून घ्या. वरच्या पाण्याला उंची असते, ते भरलेल्या लाईनमध्येही ढकललं जातं. मग पावसात खालचं बंद ठेवलं तरी घराची अडचण होत नाही. व्हॉल्व्ह दर महिन्याला उघडून धुवायचा. एक चिंधी अडकली तरी झडप मिटत नाही.

धागाकर्ती

भाऊ, तुमचा प्रतिसाद वाचून लगेच कुंकवाचं पाणी ओतलं. दोन मिनिटांत मधल्या चेंबरमध्ये लाल. वरच्या खोल्या चढवल्या तेव्हा हे जोडलं गेलं असावं.

हिशेब केला. आमची गच्ची साधारण ८४ चौरस मीटर. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. तासाला ५० मिलिमीटरची सर आली तर ४,२०० लिटर पाणी आम्हीच मैलापाण्याच्या लाईनमध्ये ढकलत होतो. गल्लीतल्या किती घरांनी असंच केलं असेल! सगळा दोष शेजारच्या खड्ड्यावर ढकलायला मी तयार होते, ते आता मनाला लागून राहिलं आहे. गच्चीचा पाईप काल तोडून पुढच्या बागेत सोडला. तो पावसाळी गटाराला जोडायची परवानगी कशी मिळते ते विचारते आहे.

प्रतिसाद

मी वकील नाही, पण सोसायटीचं सचिवपद बरीच वर्षं सांभाळलं. तुमचा हिस्सा तुम्ही दुरुस्त केलात हे चांगलं, पण म्हणून शेजारच्यांचा हिस्सा माफ होत नाही. कॅमेऱ्याची चित्रफीत, काचपट्ट्यांचे तारखेसह फोटो, लेव्हलची मापं एका फाइलीत ठेवा, ती जोडून महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात अर्ज द्या आणि पोच घ्या. माहिती अधिकारात (२००५ चा कायदा, उत्तराची मुदत ३० दिवस) शेजारच्या इमारतीचा मंजूर ड्रेनेज नकाशा मागा. खोदाईचं पाणी मैलापाण्याच्या लाईनमध्ये सोडायला परवानगी होती का, तेही विचारा. जमिनीला शेजारच्या जमिनीचा नैसर्गिक आधार मिळण्याचा हक्क १८८२ च्या ईझमेंट (सुविधाधिकार) कायद्यात आहे. जमीन खचल्याचा मुद्दा त्या अंगाने वकिलाला दाखवा. आणि गल्लीतल्या पाच-सहा घरांच्या सह्या घ्या. एकट्या घराची तक्रार 'तुमची लाईन जुनी' या वाक्यावर संपते.

धागाकर्ती – पुढची माहिती

सात घरांच्या सह्या झाल्या. त्यातल्या चौघांकडे पाणी उलटं येतं, पण लाजेपायी कोणी बोललं नव्हतं. अर्ज दिला, पोच मिळाली. कार्यालयातले कनिष्ठ अभियंता स्वतः येऊन झाकण उघडून बघून गेले. मुख्य लाईनमध्ये मुरूम साचला आहे हे त्यांनी मान्य केलं आणि सफाईचं यंत्र पाठवायचं कबूल केलं आहे. साइटवरच्यांनीही चित्रफीत पाहिल्यावर बोळातली लाईन बदलण्याच्या खर्चाबद्दल बोलायची तयारी दाखवली. लेखी अजून काही नाही.

काकांच्या सांगण्यावरून ठरवलं ते असं. काचपट्ट्या दोन महिने शाबूत राहिल्या तरच खोदायचं. स्टोनवेअर काढून जमिनीखालच्या ड्रेनेजचे रबर रिंगचे जाड पाईप टाकायचे. सहा इंची पाईपला साठास एक उतार (साठ फुटांत एक फूट). जास्त उतार दिला की पाणी पुढे पळतं आणि मैला मागे राहतो, हे मला नवीनच होतं. व्हॉल्व्ह फाटकाजवळ, हात पोचेल अशा चेंबरमध्ये. वरचा संडास त्याच्या पुढे. अंगणातल्या गली ट्रॅपची (सांडपाण्याचा वास अडवणाऱ्या कुंडीची) जाळी मोरीच्या जाळीपेक्षा सहा इंच खाली घ्यायची, म्हणजे कधी व्हॉल्व्हने दगा दिलाच तर पाणी आधी अंगणात येईल.

आता एक प्रश्न उरला. जुनी मैलाटाकी. नवी लाईन तिच्या कडेवरून जाईल. झाकण वाजवलं की आत पोकळ आवाज येतो. ती यंत्राने उपसून मुरुमाने भरावी, असं एक मत. तशीच ठेवून पावसाचं पाणी साठवायला वापरावी, असं दुसरं. मला भरून टाकणंच योग्य वाटतं, कारण सासूबाई रोज संध्याकाळी काठी घेऊन नेमक्या तिच्यावरूनच फेऱ्या मारतात. पण भरण्याआधी तळाला भोकं पाडावी लागतात का, आणि मुरूम थराथराने किती कुटायचा, हे कोणी स्वतः केलं असेल तर कृपया सांगा. काम दिवाळीनंतर सुरू करणार आहोत.