टर्मिनलात चालतं, एडिटरात ‘कमांड नॉट फाउंड’: तुमचे अनुभव लिहा

पणजीच्या आमच्या ऑफिसात नवीन कुणी रुजू झालं की हा प्रश्न येतोच. टर्मिनलात नोड (जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम) चालतो, एडिटर म्हणतो सापडत नाही. मग कुणीतरी सेटिंगमध्ये प्रोग्रामचा पूर्ण पत्ता चिकटवून देतं आणि पुढच्या अपडेटला तोही मोडतो. तुमच्या एडिटरला पाथ, म्हणजे प्रोग्राम कुठल्या फोल्डरांत शोधायचे ती यादी, नेमका कुठून मिळत होता, ते कसं शोधलंत? सिस्टीम कुठली आणि एडिटर कसा उघडता, हे आवर्जून लिहा.

फोंडा, उबुंटू
पावसात आमच्याकडे लाईटचा भरवसा नाही, आणि डेस्कटॉपला यूपीएस नाही. ईमॅक्स एडिटर मी नेहमी टर्मिनलातून उघडायचो, त्यामुळे शेलचं (टर्मिनलात कमांड चालवणारा प्रोग्राम) सगळं एनव्हायर्नमेंट, म्हणजे पाथसकट सगळी व्हेरिएबलं, त्याला आपोआप मिळायचं. एकदा लाईट आल्यावर डॉकच्या आयकॉनवरून उघडला आणि लिंटर (कोडमधल्या चुका दाखवणारा, नोडवर चालणारा) गायब! एनव्हीएम (नोडच्या आवृत्त्या सांभाळणारा प्रोग्राम) आपल्या ओळी बॅशआरसीच्या, म्हणजे शेल सुरू होताना वाचतो त्या फाइलच्या, शेवटी टाकतो. उबुंटूची लॉगिनला वाचली जाणारी प्रोफाइल फाइल बॅशआरसीला बोलावते खरी, पण शेल इंटरॅक्टिव्ह (आपण समोर बसून टाइप करतो तसा) नसेल तर बॅशआरसी सुरुवातीलाच परत फिरते. एनव्हीएमपर्यंत गाडी पोचतच नाही. पाथची ओळ प्रोफाइलमध्ये हलवली, लॉगआउट करून परत आलो, झालं.

साखळी, मॅक
जत्रेच्या नाटकाची संहिता मी झीलाटेकमध्ये (छपाईची मांडणी करणारा प्रोग्राम) लावतो, देवनागरीला बरं पडतं. तालमीला प्रती हव्यात आणि ईमॅक्स म्हणतो झीलाटेक नाहीच. डॉकवरून उघडलेल्या ॲपला पाथ लाँचडी (मॅकवर बाकीच्या प्रोसेस सुरू करणारी मूळ प्रोसेस) देतो, शेल नव्हे. त्यात यूएसआर-बिन, बिन, यूएसआर-एसबिन, एसबिन एवढीच फोल्डरं. मॅकटेक (झीलाटेक ज्यातून येतो तो संच) आपला पत्ता इटीसीतल्या पाथ्स-डी फोल्डरात ठेवतो. तो पत्ता पाथ-हेल्पर नावाचा छोटा प्रोग्राम वाचतो, आणि पाथ-हेल्परला चालवतो लॉगिन शेल. शेलचा पाथ ईमॅक्सला आणून देणारं एक्झेक-पाथ-फ्रॉम-शेल पॅकेज टाकलं आणि सुटलो.

ज्यांना पॅकेज नको त्यांच्यासाठी: ईमॅक्समध्ये याद्या दोन असतात. स्वतः प्रोग्राम शोधताना तो एक्झेक-पाथ बघतो. कंपाइल कमांड मात्र शेलमार्फत जाते आणि पाथ व्हेरिएबल बघते. एकच बदललीत तर अर्ध्या गोष्टी चालतील, अर्ध्या नाही, आणि डोकं जास्त फिरेल.

म्हापसा, विंडोज
पाथ बदललात तर व्हीएस कोड एडिटरच्या सगळ्या खिडक्या बंद करून परत उघडा. आतलं टर्मिनल नवीन घेऊन भागत नाही, ते जुन्याच प्रोसेसचं पोर.

काणकोण, मॅक
माझं विचित्र होतं. मडगावला ऑफिसात व्हीएस कोड ठीक, काणकोणला घरी पायथनच सापडेना. डॉकवरून उघडल्यावर व्हीएस कोड गुपचूप एक शेल चालवतो आणि त्याचं एनव्हायर्नमेंट उचलतो, पण 10 सेकंदांत उत्तर आलं नाही तर सोडून देतो. माझ्या झेडएसएचआरसीत (मॅकच्या शेलची सुरुवातीची फाइल) नेटवरून काहीतरी ओढणारी ओळ होती. ऑफिसचं नेट वेगवान, घरचं कसं ते काणकोणवाल्यांना सांगायला नको. ती ओळ काढली.

फर्मागुडी, उबुंटू
पिपने (पायथनची पॅकेजं टाकणारा प्रोग्राम) ‘यूजर’ पर्यायाने टाकलेले प्रोग्राम होममधल्या डॉट-लोकल-बिनमध्ये जातात. प्रोफाइल ते फोल्डर पाथमध्ये घेते, पण लॉगिनच्या वेळी ते अस्तित्वात असेल तरच. पहिल्यांदाच काही टाकलं असेल तर लॉगआउट करावंच लागतं. आमच्या लॅबमध्ये दरवर्षी अर्धा वर्ग इथे अडकतो.

धागाकर्ता
@काणकोण, हे माहीत नव्हतं, आमच्याकडच्या दोन मशीनवर आजच बघतो. तपासायला मी एडिटरच्या आतल्या टर्मिनलात एन्व्ह (सगळी व्हेरिएबलं छापणारी कमांड) चालवून बाहेरच्याशी डिफ करायला, म्हणजे फरक बघायला, सांगणार होतो.

साखळी, मॅक
ते नको हो. आतलं टर्मिनल शेल नव्याने सुरू करतं, तुमची आरसी फाइल वाचतं आणि सगळं बरोबर दाखवतं. लिंटरला मिळतो तो पाथ वेगळाच. ईमॅक्समध्ये थेट गेटएन्व्ह (व्हेरिएबलची किंमत सांगणारं फंक्शन) विचारा. व्हीएस कोडमध्ये ‘प्रोसेस’ प्रकारचा टास्क करून त्यात प्रिंटएन्व्ह चालवा, म्हणजे मध्ये शेल येत नाही. मग डिफ.