गाळणी नसली तरी चालेल

कॅम्पिंगला इन्स्टंट कॉफीची पुडी पुरे, बाकी सगळे नखरे, असं काहींचं मत असतं, ते अर्धंच पटलं. पवना धरणाच्या काठी गाडी तंबूपर्यंत जाते, तिथे पुडीवर का भागवायचं?

फिल्टर न्यायचीही गरज नाही. झाकणाचं पातेलं बास. पुण्यात कॉफी दळून देणारी दुकानं आहेत, तिथे बिनचिकोरीची (चिकोरी म्हणजे कॉफीत मिसळतात ती भाजलेल्या मुळाची पूड) आणि जाड रव्यासारखी दळून मागा. फिल्टर कॉफीची नेहमीची बारीक पूड इथे नको, ती तळाशी बसतच नाही आणि शेवटचा घोट चिखल होतो. पाव लिटर पाण्याला साधारण 15 ग्रॅम पूड. पाणी उकळलं की गॅस बंद, मग पूड, एकदा ढवळून झाकण. चार मिनिटं हात लावायचा नाही. नंतर वरून चमचाभर गार पाणी शिंपडा, तरंगणारी पूड खाली बसते. हळूच ओता. पूड घालून परत उकळू मात्र नका, कडवटपणा तिथूनच येतो.

राजगडासारख्या उंचीवर (1376 मीटर) पाणी 95 अंशांच्या आसपासच उकळतं, म्हणजे कॉफीला हवं तेवढंच. तिथे गॅस बंद केल्यावर पूड घालायला थांबायला नको. पवनेला उंची कमी, पाणी जास्त तापतं, म्हणून पूड घालण्याआधी अर्धा मिनिट थांबा.

दूधवाल्यांनी दूध पावडर वेगळ्या कपात कोमट पाण्यात कालवून घ्यावी, थेट टाकली की गुठळ्या होतात. आणि स्टोव्हला वाऱ्याचा आडोसा हवाच, नाहीतर निम्मा गॅस हवेतच जातो. उरलेला चोथा घरच्या कुंड्यांसाठी पिशवीत भरून आणा, धरणात टाकू नका.