पावसाला घाबरणं म्हणजे विश्वास कमी असणं का?

पंचगंगाकाठ: नमस्कार मंडळी. आम्ही कोल्हापूरजवळच्या चिखलीचे. २०१९ च्या पुरात आई रात्रभर माळ्यावर अडकलेली, सकाळी बोटीतनं काढलं. घर दुरुस्त झालं पण अजून राधानगरी धरणाचे दरवाजे उघडले असं टीव्हीवर आलं की रेशनकार्ड, बायबल आणि बीपीच्या गोळ्या पिशवीत भरून दारात बसते, झोप नाही काय नाही. चर्चच्या फेलोशिपमधल्या (प्रार्थनागटातल्या) एक काकी म्हणाल्या, भिऊ नको असं वचन आहे, तुझा विश्वास कमी पडतोय. तेव्हापासनं आईनं प्रार्थनेला जाणंच बंद केलंय. मानसोपचारवाल्या डॉक्टरकडं चल म्हटलं तर म्हणते देवावर भरवसा नाय असं होईल. काय करू?

रंकाळावाली: काकींना बायबलातलं स्तोत्र ८८ वाचायला द्या. विलापाची बाकी बहुतेक स्तोत्रं शेवटी स्तुतीकडं वळतात, हे वळतच नाही, अंधारावरच संपतं, आणि तरी बायबलात आहे. बायबलातल्या ईयोबाचे मित्र बघा, त्याच्यावर संकट आलं तेव्हा सात दिवस गप्प बसले तोवर बरे होते, तोंड उघडलं आणि सगळा घोळ, शेवटी देव त्यांच्यावरच भडकला.

बिनसाखरेचा_चहा: मी सायकॉलॉजीला आहे. ट्रॉमात, म्हणजे मनाला बसलेल्या मोठ्या धक्क्यात, जुनी गोष्ट नुसती आठवत नाही, शरीराला वाटतं आत्ताच घडतंय, छाती धडधडते, झोप उडते. वचन सांगून ते थांबत नाही ओ. एलीया संदेष्ट्याचं आठवा, झुडपाखाली पडून मरण मागत होता, देवदूतानं उपदेश केला काय? भाकर दिली, पाणी दिलं, झोपू दिलं, ते पण दोनदा. बोलणं नंतर. तोवर टेलि-मानसला, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला, १४४१६ वर फोन करा, फुकट आहे.

जुना_सभासद: डॉक्टरकडं न्याच, पण सगळं त्यांच्यावर ढकलून चर्चची मंडळी मोकळी झाली तर मला पटणार नाही. आपल्याकडं बरं झालं म्हणजे सगळ्यांसमोर उभं राहून देवानं बरं केलं अशी साक्ष द्यायची असंच ठरलंय, जो देत नाही तो बरा झालाच नाही, आणि असली माणसं मग मागच्या बाकावरनं हळूच गायब होतात. योहान २० मध्ये प्रभू येशू मेलेल्यातून उठला तरी हातावरच्या जखमा होत्याच की, शिष्य थोमाला दाखवल्या त्यानं. पाळकसाहेबांना घरी बोलवा, आईजवळ नुसतं बसा म्हणावं.

पंचगंगाकाठ: थोमाचं आईला सांगितलं, ऐकून घेतलं, डॉक्टरला नाही म्हणाली नाही. कोल्हापूरच्या सीपीआर सरकारी दवाखान्यात मानसोपचाराची ओपीडी आहे ना? केसपेपरला गर्दी असते का लय?

बिनसाखरेचा_चहा: आहे की. सकाळी लवकर जावा, आधार न्या, आणि चालू गोळ्यांची चिठ्ठी विसरू नका.