क्लासच्या शुल्काआधी हा मार्ग पाहावा
पदवी हाती पडताच पुणे गाठून क्लास लावल्याशिवाय सॉफ्टवेअरमध्ये शिरकाव होत नाही, हे अनेकांचे मत मला अर्धेच पटते. पुण्यात संधी अधिक आहेत हे खरे. परंतु आमच्या परभणी-नांदेडकडचे पालक ते शुल्क अनेकदा कर्ज काढून भरतात, म्हणून त्याआधी शिकाऊ उमेदवारीचा (अप्रेंटिसशिप, म्हणजे कंपनीत काम करत शिकण्याचा) विचार व्हायलाच हवा. या उमेदवारीचा मूळ कायदा १९६१ चा असला, तरी १९७३ च्या दुरुस्तीने अभियांत्रिकीचे पदवीधर व पदविकाधारकही त्याच्या कक्षेत आले, आणि त्यात प्रत्यक्ष काम करताना दरमहा विद्यावेतन मिळते.

पुढे नोकरीची हमी नसते, हे मुलांना आधीच स्पष्ट सांगावे. मात्र दुसऱ्याने लिहिलेला जुना कोड वाचून त्यातली चूक शोधण्याची जी सवय कंपनीत लागते, ती क्लासमधल्या ठरावीक प्रोजेक्टमधून क्वचितच लागते.