ऑल्टोवरून टेनरवर जाताना

ऑल्टो आणि त्याहून मोठा, खालच्या सुरांचा टेनर या दोन्ही सॅक्सोफोनवर बोटे तीच, मग एकावरून दुसऱ्यावर जाताना अडचण कसली, असा प्रश्न पडतो. अडचण ओठांत आणि पट्टीत आहे. नाशिकमध्ये लग्नाच्या बँडमध्ये मी दोन्ही वाजवतो. पांढरी एकचा (पेटीवरचा सी) षड्ज धरला, तर ऑल्टोवर लिखित ए (त्या वाद्याच्या स्वरलिपीत ए म्हणून लिहिलेला सूर) आणि टेनरवर लिखित डी वाजवावा लागतो, आणि घाईत वाद्य बदलले की नेमका येथेच घोळ होतो (माझा पंचवटीत, भर वरातीत झाला). टेनरचा माउथपीस (तोंडात धरून फुंकायचा भाग) मोठा असल्याने ओठांची पकड सैल आणि श्वास अधिक लागतो. ऑल्टोची आवळलेली पकड तशीच नेल्यास खालचे सूर फुटतात. पकड बरोबर आहे का हे पाहण्यासाठी, नुसता माउथपीस फुंकल्यावर ऑल्टोच्या माउथपीसमधून पेटीवरचा ए आणि टेनरच्या माउथपीसमधून साधारण जी येतो का, हे आधी तपासावे. मला मात्र ऑल्टोवर परतणेच अधिक जड जाते.